मल्लेश्वरममधली संक्रांत

भोगीच्या आदल्या दिवशी

बंगळुरूत आता प्रत्येक मराठी घराचं कुणी ना कुणी असतं. बहुतेक जण व्हाइटफील्डला, सर्जापूर रोडला, नाहीतर इलेक्ट्रॉनिक सिटीत. तिकडे जाऊन आलेले लोक ट्रॅफिकच्या गोष्टी सांगतात आणि त्या खऱ्याच असतात. पण त्याच शहरात सव्वाशे वर्षांची एक राहती वस्ती आहे. तिथे दूध, फुलं, देऊळ, शाळा, डोसा आणि गाणं, सगळं घरापासून पायी दहा मिनिटांत मिळतं. मराठी माणसानं ती मुद्दाम जाऊन बघावी असं मला मनापासून वाटतं. ती वस्ती म्हणजे मल्लेश्वरम.

माझी आत्या लग्न होऊन तिथे गेली, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. "संक्रांतीला ये, म्हणजे इथलं सगळं एकदम बघून होईल," असं ती दर वर्षी म्हणायची. या जानेवारीत मी आणि नवरा निघालोच. उद्यान एक्सप्रेसनं सकाळी बंगळुरूच्या मुख्य स्टेशनवर उतरलो. त्या सगळ्या भागाला लोक अजून मॅजेस्टिकच म्हणतात. मॅजेस्टिकहून मेट्रोच्या हिरव्या मार्गावर पुढचंच स्टेशन मंत्री स्क्वेअर संपिगे रोड. तिथून बाहेर पडलं की मल्लेश्वरम सुरू होतं.

संपिगे म्हणजे सोनचाफा. संपिगे रोडला समांतर दुसरा मोठा रस्ता मार्गोसा रोड, म्हणजे कडुनिंबाचा. या दोन रस्त्यांना आडवे छेद देत क्रॉस जातात, दक्षिणेकडून उत्तरेकडे चढत्या आकड्यांनी, पार अठराव्या क्रॉसपर्यंत. उभे रस्ते ते मेन. "कितवा क्रॉस, कितवा मेन" एवढं सांगितलं की रिक्षावाला आणखी काही विचारत नाही. सोनचाफे आता मोजकेच उरलेत, पण आतल्या गल्ल्यांत सावली अजून भरपूर आहे. जानेवारीतल्या सकाळी त्या सावलीत अंगात स्वेटर हवाच. उन्हात आलं की तो काढून हातात धरावा लागतो.

चहा घेता घेता काकांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, या आखीवपणामागची गोष्ट सांगितली. पुण्याला ज्या प्लेगनं १८९७ साली हादरवलं, तोच प्लेग १८९८ मध्ये बंगळुरूला पोचला. जुन्या पेठा दाट होत्या, घराला घर चिकटलेलं. लोकांना मोकळी हवा आणि रुंद रस्ते मिळावेत म्हणून शहराबाहेर दोन नव्या वस्त्या आखल्या गेल्या. दक्षिणेला बसवनगुडी आणि उत्तरेला मल्लेश्वरम. आपल्याकडे मुंबईत त्याच वर्षी, त्याच साथीमुळे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यातून पुढे दादर-माटुंग्याच्या कॉलन्या उभ्या राहिल्या. हिंदू कॉलनीत वाढलेला माझा नवरा पहिल्या तासाभरातच "हे ओळखीचं वाटतंय" असं म्हणाला, ते उगीच नाही.

संध्याकाळी आत्या आम्हाला आठव्या क्रॉसवर घेऊन गेली. मल्लेश्वरमचा बाजार म्हणजे हा आठवा क्रॉस आणि त्याच्या आजूबाजूचा संपिगे रोड. एरवीही इथे फुलं, फळं, भाजी, पूजेचं सामान असतंच, पण संक्रांतीच्या आदल्या दोन संध्याकाळी चालायला जागा उरत नाही. दुकानांना टेकवून उसाच्या मोळ्या उभ्या. शेवंतीचे हार हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत मोजून विकले जातात. इथलं फुलांचं हे माप, एक 'मोळा', मी पहिल्यांदाच पाहिलं. आणि जिथे तिथे हिरव्या शेंगांचे ढीग. आपल्याकडे जो पावटा म्हणतात त्याच जातीच्या या शेंगा. इथे त्यांना अवरेकाई म्हणतात आणि जानेवारीत अख्खं बंगळुरू त्यांच्यामागे वेडं असतं.

एका भाजीवाल्या आजींनी एक शेंग अंगठ्यानं चोळली आणि माझ्या नाकाशी धरली. रानातल्या ओल्या पाल्याचा, थोडा तेलकट, उग्र वास होता. बोटांनाही काहीतरी चिकट लागलं. "सोगडु," आजी म्हणाल्या आणि आत्याकडे बघून हसल्या. थंडीतलं दव पडलं की शेंगेवर हा वास चढतो आणि जाणकार तो पारखूनच माल घेतात. शेंगांवर धुतल्यासारखी चमक असेल तर आत्या पुढच्या ढिगाकडे जाते. दाणे भिजवायचे आणि एकेक चिमटीत दाबून सालातून बाहेर काढायचा, हा इथला घरोघरचा उद्योग. त्याला म्हणतात हितकिद अवरेकाळु. कोकणातल्या आणि पुण्यातल्या घरांतही डाळिंब्या अशाच सोलतात, फक्त आपण आधी मोड आणतो. रात्री टीव्हीसमोर बसून आम्ही चौघांनी परातभर दाणे सोलले.

जाणाऱ्यांसाठी एवढंच: आठव्या क्रॉसला गाडी नेऊ नका. मेट्रोनं या आणि चालत फिरा. सणाच्या दिवसांत संध्याकाळी सहानंतर फारच गर्दी होते. सकाळी आठ-नऊला माल ताजा असतो आणि विक्रेत्यांना बोलायला वेळही असतो.

भोगी

सकाळी लवकर काडु मल्लेश्वराला गेलो. या देवावरूनच वस्तीला नाव पडलं. वस्ती आखली गेली तेव्हा देऊळ आधीच दोन शतकांहून जुनं होतं आणि भोवती रान होतं, म्हणून तो काडु, रानातला मल्लेश्वर. आजही मंदिर थोड्या उंचवट्यावर आहे. पायऱ्या चढून जावं लागतं आणि भोवती मोठी झाडं आहेत. झाडाखाली नागशिळा मांडलेल्या, त्यांवर हळद, कुंकू आणि दुधाचे ओघळ. आत द्राविडी घडणीचं ठेंगणं मंडप-गाभाऱ्याचं देऊळ. गाभाऱ्यात शिवलिंग.

मी इथे यायला अधीर होते त्याचं कारण दुसरंच. या देवाला इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख आहे आणि देणाऱ्याचं नाव आहे एकोजी. म्हणजे आपले व्यंकोजीराजे, शहाजीराजांचे चिरंजीव, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ. मेदरनिंगनहळ्ळी नावाचं गाव त्यांनी मल्लापूरच्या मल्लिकार्जुनाच्या, म्हणजे याच देवाच्या, पूजेअर्चेसाठी लावून दिलं. मंदिर बांधण्याचं श्रेयही इथे त्यांनाच देतात.

शाळेच्या पुस्तकात शहाजीराजे "कर्नाटकात गेले" एवढ्या एका ओळीत जातात आणि मग गोष्ट पुण्याकडे वळते. पण ते गेले ते इथेच. १६३८ मध्ये आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या फौजेनं बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या वंशजांकडून ते घेतलं. त्या मोहिमेत शहाजीराजे होते आणि हे शहर त्यांना जहागिरीत मिळालं. जिजाबाई आणि लहानगे शिवाजीराजे काही काळ इथे येऊन राहिले होते. शहाजीराजे १६६४ मध्ये होदिगेरेला वारले आणि बंगळुरू व्यंकोजींकडे आलं. पुढे ते तंजावरला गेले, तिथे भोसल्यांची गादी झाली आणि दूरच्या जहागिरीवरची पकड सैल होत गेली. १६८७ मध्ये मोगलांनी बंगळुरू घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांना दिलं. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं हे शहर भोसल्यांचं होतं. रायगडावर राज्याभिषेक व्हायच्या पाच वर्षं आधी, इथल्या रानातल्या एका महादेवाच्या दिव्याबत्तीची सोय एक भोसला करत होता. त्या महादेवाची पूजा आजही चालू आहे. मी तिथे बराच वेळ बसले.

प्रदक्षिणा घालताना एक साठीचे गृहस्थ भेटले. आम्ही मराठीत बोलतोय हे ऐकून थांबले आणि दख्खनी वळणाच्या, आपल्याला जराशी जुनी वाटेल अशा मराठीत म्हणाले, "तुम्ही पुण्याचे का? आम्ही पण मराठेच, इथलेच." त्यांच्या घराण्यात कितव्या पिढीपासून बंगळुरू आहे हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. घरात बोलतात मराठी, लिहितात कानडी. दर सोमवारी इथे येतात. त्या दिवशी भोगी म्हणून आले होते आणि घरी भाकरी होणार होती. तीळ लावलेली, पण बाजरीची नाही, "बाजरी इथं कुठली चांगली मिळते?" अशी त्यांची तक्रार होती. आत्या दर हिवाळ्यात सोलापूरहून बाजरीचं पीठ मागवते. तिनं तिथल्या तिथे त्यांना घरचा पत्ता देऊन पीठ न्यायला सांगितलं.

रस्ता ओलांडला की समोर नंदीतीर्थ. मल्लेश्वरममधली मला सगळ्यात आवडलेली जागा हीच. रस्त्याच्या पातळीवरून खाली पायऱ्या उतरतात. खाली चारी बाजूंनी दगडी मंडप आणि मधोमध चौकोनी कल्याणी, म्हणजे पुष्करणी. वरच्या बाजूला दक्षिणेकडे तोंड केलेला दगडी नंदी आहे. त्याच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडत राहते आणि तिथून कल्याणीत उतरते. अनेक वर्षं ही जागा मातीखाली होती. वर मोकळा प्लॉट दिसायचा. १९९७ च्या सुमाराला तिथे बांधकामाची तयारी सुरू झाली, तेव्हा रहिवाशांनी ती अडवली, खणून पाहायचा आग्रह धरला आणि मातीखालून हे सगळं वर आलं. आज धारेखाली हात धरायला शाळेचा गणवेश घातलेली मुलंही थांबतात. कल्याणीच्या पाण्यात कासवं आहेत. पायरीवर शांत बसलात तर डोकं वर काढतात.

शेजारीच गंगम्मा आणि लक्ष्मी-नरसिंह यांची देवळं आहेत. सगळं मिळून दीड-दोन तास लागतात. देवळं दुपारी बंद होतात, तेव्हा सकाळी लवकर जा किंवा संध्याकाळी दिवे लागल्यावर. चप्पल बाहेर, फोटोसाठी पुजाऱ्यांना विचारून.

देवानंतर न्याहारी. मार्गोसा रोड आणि सातव्या क्रॉसच्या कोपऱ्यावरचं सीटीआर. पाटीवर आता श्री सागर नाव आहे, पण विचारताना सीटीआरच म्हणायचं. १९२० च्या दशकात सुरू झालेलं हे सेंट्रल टिफिन रूम. बाहेर नाव देऊन थांबावं लागतं आणि आत अनोळखी माणसांच्या टेबलाला टेबल लावून बसावं लागतं. इथला बेण्णे मसाला दोसे आपल्याकडच्या कागदासारख्या डोशाच्या जातीचा नाही. हा लहान, जाड, बाहेरून गडद तांबूस आणि कुरकुरीत, आतून मऊ. बटाट्याची भाजी थोडीच, आणि वर लोणी. बोटानं मोडला की कडेनं लोणी चमकतं. सोबत पातळसर नारळाची चटणी. माझ्यासमोर बसलेल्या आजोबांनी तो सुरीच्या धारेइतक्या नीट तुकड्यांत, अजिबात घाई न करता खाल्ला आणि मग वेटरला म्हणाले, "बाय-टू काफी." एक कॉफी दोन पेल्यांत. दुसरा पेला त्यांनी माझ्या नवऱ्यापुढे सरकवला. त्यांचा रोजचा जोडीदार आज आला नव्हता.

दुपारी आत्याकडे भोगीचं जेवण. काल आठव्या क्रॉसवरून आणलेली अवरेकाई, वांगी, गाजर, ओला हरभरा, तीळ घालून केलेली भोगीची भाजी, लोणी लावलेली बाजरीची भाकरी, आणि इथला म्हणून खारा पोंगल, म्हणजे मूगडाळ-तांदळाची खिचडी. भाजीत पावट्याच्या जागी अवरेकाई पडल्यानं ती आईच्या हातच्या भाजीहून वेगळी झाली होती आणि अधिक चांगली. हे मी आईलाही फोनवर सांगितलं.

संध्याकाळी चौडय्या मेमोरियल हॉलला गेलो. वय्यालिकावलच्या बाजूला आहे, आत्याच्या घरून चालत वीस मिनिटं. ही इमारतच व्हायोलिनच्या आकाराची आहे. तारा, घोडी, खुंट्या आणि गज, सगळं बांधकामात उतरवलेलं. म्हैसूरचे थोर व्हायोलिनवादक टी. चौडय्या (१८९५–१९६७) यांच्या स्मरणार्थ ती १९८० मध्ये उभी राहिली. मोठ्या सभागृहात, ध्वनिवर्धक नीट नसण्याच्या त्या काळात, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून चौडय्यांनी सात तारांचं व्हायोलिन वापरात आणलं. त्या संध्याकाळी एका नृत्यशाळेचा भरतनाट्यमचा कार्यक्रम होता. आम्ही तो मध्यंतरापर्यंत पाहिला. बाहेर पायऱ्यांवर मेकअप केलेल्या छोट्या मुली डब्यातला चित्रान्न खात बसल्या होत्या आणि त्यांच्या आज्या सांडू नये म्हणून पदर पसरून. कार्यक्रमांची यादी वर्तमानपत्रात आणि दाराशी लावलेली असते. बरेचसे कार्यक्रम विनामूल्य असतात.

संक्रांत

उजाडायच्या आधीच काकांनी उठवलं आणि सँकी टँकवर नेलं. मल्लेश्वरम आणि सदाशिवनगर यांच्यामध्ये हा तलाव आहे. मद्रास सॅपर्सचे कर्नल रिचर्ड सँकी यांनी छावणीला पाणी पुरवण्यासाठी १८८२ मध्ये तो बांधला. म्हणजे वस्तीपेक्षा तलाव जुना. क्षेत्र साधारण सदतीस एकर. भोवती फेरी मारायला चांगली वाट केलेली आहे आणि पहाटे साडेसहाला तिथे अर्धं मल्लेश्वरम असतं. पाण्यावर धुकं होतं, काठाच्या झाडांवर पाणकावळे पंख उघडून बसलेले.

काकांना इथे दर दहा पावलांवर कुणीतरी भेटत होतं. या तलावाकाठच्या रस्त्यावर उड्डाणपूल बांधायचा बेत पुढे आला होता, तेव्हा २०२३ मध्ये त्याच लोकांनी झाडं वाचवण्यासाठी मोर्चे काढले. काकाही बहात्तराव्या वर्षी हातात फलक धरून उभे होते. "अगं, हे पाणी आणि ही झाडं गेली तर मग नुसता पत्ता उरतो," ते म्हणाले. त्यांच्या या बोलण्यात मला मल्लेश्वरमची सगळी ताकद दिसली. नंदीतीर्थ मातीतून काढणारे हेच, झाडासाठी उभे राहणारे हेच. इथल्या जागा टिकल्यात त्या रोज वापरणाऱ्या माणसांमुळे.

परतताना पंधराव्या क्रॉसजवळ वीणा स्टोअर्स. दुकान म्हणजे एक खिडकी. कूपन घ्यायचं, वाटी-थाळी हातात घ्यायची आणि फुटपाथवर उभं राहून खायचं. इडलीवर चटणी इतकी सढळ ओततात की इडली तिच्यात बुडते. इडली हलकी, बोटानं दाबली तर पुन्हा वर येणारी. एकदा चटणी संपली की खिडकीशी जाऊन पुन्हा घ्यायची, कुणी नाही म्हणत नाही. माझं मत विचाराल तर, सीटीआरला एकदा जा आणि वीणाला रोज जा.

मग दिवसाचा मोठा भाग, एळ्ळु-बेल्ल. तीळ, गुळाचे बारीक चौकोनी तुकडे, सुक्या खोबऱ्याचे तितकेच बारीक तुकडे, भाजलेले शेंगदाणे आणि डाळं, असं हे कोरडं मिश्रण असतं. आपल्यासारखे लाडू वळत नाहीत. खोबरं आणि गूळ एकसारखे कापायला दोन-दोन दिवस जातात. आत्याकडे खोबऱ्यासाठी वेगळी छोटी सुरी आहे आणि ती कुणाला हात लावू देत नाही. सोबत सक्करे अच्चु, म्हणजे साखरेच्या पाकाच्या साच्यातल्या पांढऱ्याशुभ्र मूर्ती. गणपती, नंदी, मोर, तुळशीवृंदावन. आपल्या हलव्याच्या दागिन्यांच्या जवळपास जाणारा नाजूकपणा. लाकडी साचे काही घरांत तीन-तीन पिढ्यांचे आहेत आणि शेजारणी ते एकमेकींकडून मागून नेतात.

दुपारी चारनंतर गल्लीतल्या मुली आणि बायका नव्या साड्या-परकर नेसून बाहेर पडल्या. ताटात एळ्ळु-बेल्लाची पुडी, साखरेची एक मूर्ती, उसाचं कांडं, केळं, हळद-कुंकू. घरोघर जाऊन द्यायचं आणि घ्यायचं. देताना म्हणायचं, "एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि." तीळ-गूळ खा आणि चांगलं बोला. मी तीनच घरांत जाणार म्हणून आत्याबरोबर निघाले आणि दिवेलागणीपर्यंत सातव्या मेनवरून नवव्या मेनपर्यंत पोचले. एका घरी आत्यानं मला "नम्म सोसे", आमची भाचीसून अशी काहीतरी ओळख करून दिली. मी भाची आहे हे सांगेपर्यंत माझ्या ओटीत नारळ पडलासुद्धा.

या घरांमुळेच मला जुनं मल्लेश्वरम आतून दिसलं. लाल ऑक्साइडची घोटीव जमीन, पायांना गार लागणारी. मंगळुरी कौलं. पुढे व्हरांडा, आणि खिडक्यांवर लाकडी पट्ट्यांची टोकदार झडप. बंगळुरूच्या जुन्या बंगल्यांची ही खूण, तिला मंकी टॉप म्हणतात. अंगणात नारळ, कढीपत्ता, पारिजात. एका अशा घरात ब्याऐंशी वर्षांच्या आजी एकट्या होत्या. त्यांनी आम्हाला मागच्या दारापर्यंत नेलं आणि मागची अरुंद गल्ली दाखवली. मुंबईत जिला घरगल्ली म्हणतात तीच. सफाईसाठी घरांच्या पाठीमागून ठेवलेली. त्या काळी मैला वाहून नेणारी माणसं पुढच्या रस्त्यावर दिसू नयेत म्हणूनही. हे आजींनी स्पष्ट सांगितलं आणि लहानपणी त्या माणसांशी बोलायची आपल्याला मुभा नव्हती हेही सांगितलं. आज यातल्या काही गल्ल्या स्वच्छ करून, भिंती रंगवून चालायला खुल्या केल्या आहेत. त्या सुंदर दिसतात. पण त्या कुणाच्या कष्टांच्या वाटा होत्या याची एक पाटीही तिथे लावायला हवी, असं मला वाटलं.

आजींच्या दोन्ही बाजूंना आता चार मजली अपार्टमेंट आहेत. त्यांच्याकडेही बिल्डर येऊन जातात. त्यांनी आमच्या हातात उसाचं कांडं देत विषय बदलला.

किंक्रांत

आत्याच्या मते किंक्रांतीला प्रवासाला निघू नये. पण तिकीट रात्रीचं होतं आणि सकाळ मोकळी होती.

आधी कॅनरा युनियन. कोकणी बोलणाऱ्या सारस्वत मंडळींनी उभारलेली ही संस्था, आणि भारतीय बॅडमिंटनच्या इतिहासात तिच्या सभागृहाला मोठी जागा आहे. प्रकाश पदुकोण इथेच खेळायला शिकले. तो होता लग्नाचा हॉल. लग्न नसेल त्या दिवशी कोर्ट, लग्नसराईत खेळ बंद. छत बुटकं, जागा अपुरी. तिथून तो मुलगा १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकण्यापर्यंत पोचला, ती जिंकणारा पहिला भारतीय. आम्ही गेलो तेव्हा आत दहा-बारा वर्षांची मुलं खेळत होती आणि बाहेर बाकावर आया डबे घेऊन बसल्या होत्या.

पुढे उत्तरेला अठराव्या क्रॉसकडे चालत गेलं की भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर लागतो. टाटा इन्स्टिट्यूट म्हणूनच जुने लोक ओळखतात. जमशेटजी टाटांची कल्पना आणि म्हैसूर संस्थानची जमीन यांतून १९०९ मध्ये ती उभी राहिली. सी. व्ही. रामन १९३३ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचं 'पंचवटी' हे घर मल्लेश्वरममध्येच आहे. संस्थेच्या आवारात सहज फिरता येत नाही, पण वर्षातून एकदा, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, 'ओपन डे'ला सगळ्यांना प्रवेश असतो. मुलं बरोबर असतील तर प्रवास त्या तारखेला जोडून आखावा.

शेवटची खरेदी कॉफी पावडरची. या भागात अजून अशी दुकानं आहेत जिथे बिया समोर भाजून, समोर दळून देतात. गल्लीच्या तोंडाशीच वास येतो. दुकानदार दोनच प्रश्न विचारतो. प्लांटेशन की पीबेरी? आणि चिकोरी किती टक्के? आत्या दोन्ही अर्धी-अर्धी घेते आणि चिकोरी वीस टक्के. काका म्हणतात दहाच्या वर चिकोरी म्हणजे कॉफीचा अपमान, म्हणून घरात दोन डबे आहेत. मी आत्याची घेतली. पितळी किंवा स्टीलचा दोन मजली फिल्टर शेजारच्याच भांड्यांच्या दुकानात मिळतो. पावडर वरच्या भांड्यात हलकेच दाबायची, उकळतं नव्हे तर उकळून जरा निवलेलं पाणी ओतायचं, झाकायचं आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. खाली उतरलेला अर्क म्हणजे डिकॉक्शन, ते पुन्हा कधी गरम करायचं नाही. गरम करायचं ते दूध.

राहायचं असेल तर मल्लेश्वरम सर्कलजवळ आणि संपिगे रोडला साधी, स्वच्छ लॉज आहेत. सणाच्या आठवड्यात आधी ठरवा. रिक्षापेक्षा मेट्रो आणि पाय बरे. कानडी येत नसेल तर हिंदीनं सुरुवात करण्याऐवजी "नमस्कार" आणि "स्वल्प कन्नड गोत्तु" (थोडं कानडी येतं) एवढं म्हणा, मग समोरचा स्वतःहून आपल्या भाषेत येतो. बरेच जण मराठीतसुद्धा.

पुढची भेट आत्यानं ठरवून टाकली आहे. कार्तिकात, शेंगांच्या जत्रेला. बसवनगुडीची कडलेकाई परिषे कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी असते, आणि त्याच सुमाराला काडु मल्लेश्वराच्या भोवतीही भुईमुगाच्या शेंगांची जत्रा भरते. कोलार आणि चिक्कबल्लापूरकडचे शेतकरी पोती घेऊन येतात. उद्यान एक्सप्रेसची तिकिटं मात्र दोन महिने आधी काढा. दिवाळीनंतर पुण्याहून बंगळुरूला परतणाऱ्यांचीच इतकी गर्दी असते की नंतर जागा मिळत नाही.